जादा जनुक, कोरी पाकळी

तास सुरू होताना मी पडद्यावर तीन फुलं लावते. तिन्ही पेटुनियाची. पहिलं गडद जांभळं, दुसरं पांढरंशुभ्र, तिसरं जांभळं पण मध्येच रंग पुसून टाकल्यासारखं. मग सांगते: पहिल्या झाडाला कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडात रंग तयार करायला लागणाऱ्या जनुकाची जादा प्रत घातली आहे. असं का झालं असेल, ते वहीत लिहा. दहा मिनिटं. शेजाऱ्याशी बोलायचं नाही, फोन पालथे.

हा तास मी मुद्दाम चौथ्या आठवड्यात घेते. तोवर प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा त्याच्यापुढचा डीएनएचा तुकडा, शिकवून झालेला असतो, त्याचा जोर वाढवणारा एन्हान्सर झालेला असतो, जनुक चालू-बंद करणारं प्रथिन, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, डीएनएवर कसं बसतं याच्या आकृत्या काढून झालेल्या असतात. जनुकाचं नियंत्रण म्हणजे दिव्याचं बटण, असा एक सुखाचा समज वर्गात रुजलेला असतो. हा समज मीच रुजवलेला असतो, कारण सुरुवात कुठून तरी करावी लागते. चौथ्या आठवड्यात तो उपटायचा असतो, आणि त्यासाठी या पांढऱ्या फुलाइतकं चांगलं हत्यार मला अजून सापडलेलं नाही.

फुलाची गोष्ट खरी आहे. ती १९९० साली छापून आली. कॅलिफोर्नियात ओकलंडला 'डीएनए प्लांट टेक्नॉलॉजी' नावाची कंपनी होती. तिथे कॅरोलिन नेपोली, क्रिस्टीन लेम्यू आणि रिचर्ड जॉर्गेन्सन यांनी पेटुनियात चाल्कोन सिंथेज या एन्झाइमचं जनुक जादा घातलं. पाकळीतलं जांभळं रंगद्रव्य म्हणजे अँथोसायनिन. ते अनेक पायऱ्यांनी तयार होतं आणि चाल्कोन सिंथेज हा त्या वाटेवरचा पहिला खास एन्झाइम. एक कुमारॉइल-कोए आणि तीन मॅलोनिल-कोए जोडून तो चाल्कोन बनवतो. तिथून पुढे बाकीचे एन्झाइम काम उचलतात. पहिल्या पायरीचा एन्झाइम वाढवला तर रंग आणखी गडद होईल, हा साधा हिशोब होता. जादा प्रतीपुढे त्यांनी फुलकोबीच्या मोझॅक विषाणूतला '३५एस' प्रमोटर लावला. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काही जोरात चालवायचं असलं की हात आपोआप याच प्रमोटरकडे जातो. तेव्हाही जायचा, आजही जातो.

रंग गडद झाला नाही. जादा जनुक मिळालेल्या झाडांपैकी ४२ टक्के झाडांना पूर्ण पांढरी फुलं आली, नाहीतर जांभळ्यावर पांढरे किंवा फिकट भाग असलेली. तुलनेसाठी ठेवलेल्या, म्हणजे जनुकबदल केलेल्या पण हे जनुक नसलेल्या शेकडो झाडांपैकी एकाचंही फूल असं नव्हतं.

इतकं सांगून मी थांबते आणि वह्या वाचायला घेते.

वह्यांत दरवर्षी साधारण तीच चार उत्तरं असतात. पहिलं: नवं जनुक नेमकं जुन्या जनुकात जाऊन बसलं आणि ते मोडलं. दुसरं: नव्या जनुकानं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर पळवले, जुन्याला उरले नाहीत. तिसरं: एन्झाइम फार झाला, म्हणून झाडानं स्वतःच काम थांबवलं. चौथं उत्तर एखाददुसऱ्या वहीत असतं: नवं जनुक उलट्या बाजूनं वाचलं गेलं, त्यातून उलटा आरएनए झाला आणि तो सुलट्या आरएनएला चिकटला. चौथं लिहिणाऱ्याला मी त्या दिवशी काही म्हणत नाही. त्याची पाळी नंतर.

आता मी एकेक पुरावा देते, आणि प्रत्येक पुराव्यानंतर कुठलं उत्तर खोडायचं ते मुलांनी ठरवायचं.

पहिला पुरावा संततीचा. पांढऱ्या प्रकारच्या एका झाडाची संतती पाहिली, तर ज्या रोपांत जादा जनुक उतरलं त्यांची फुलं बदललेली आणि ज्यांत उतरलं नाही त्यांची फुलं नेहमीसारखी जांभळी. म्हणजे जुनं जनुक शाबूत आहे. ते मोडलं असतं तर जादा जनुक निघून गेल्यावरही मोडलेलंच राहिलं असतं. शिवाय नवं जनुक कुठे बसेल याचा नेम नसतो, ते जवळपास निम्म्या झाडांत नेमकं एकाच जागी जाऊन पडेल कसं? आणि पडलं तरी जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत मोडेल, दुसरीचं काय? पहिलं उत्तर बाद. इथे मुलांना मजा येऊ लागते.

दुसऱ्या उत्तरासाठी नवा पुरावा लागत नाही, मघाशी सांगितलेलंच नीट ऐकलं असलं की पुरे. जादा प्रतीचा प्रमोटर विषाणूचा होता, चाल्कोन सिंथेजच्या स्वतःच्या जनुकाचा नव्हता. दोघांना वेगळे फॅक्टर लागतात, मग पळवापळवी कसली? मी गप्प बसते. कुणीतरी हात वर करतंच, पण तोवर बराच वेळ जातो. हा वेळ मला आवडतो.

तिसरं उत्तर चिवट आहे. झाडाला अती झालेलं कळतं आणि ते आवरतं घेतं, हे ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं की ते सोडवत नाही. त्यासाठी मी प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा पुरावा काढते. पांढऱ्या पाकळ्यांतला आरएनए मोजला तेव्हा दिसलं, की मूळ जनुकाचा एम-आरएनए, म्हणजे एन्झाइम बनवण्यासाठी निघणारी जनुकाची नक्कल, नेहमीच्या पन्नासाव्या हिश्शावर आला होता. कळी वाढताना तो केव्हा दिसू लागतो आणि केव्हा कमी होतो, ते वेळापत्रक मात्र बदललं नव्हतं. पुढे काही पांढऱ्या झाडांवर आपोआप पुन्हा जांभळी फुलं आली. त्या फुलांत पाहिलं तर मूळ जनुकाचा एम-आरएनए वाढलेला आणि जादा जनुकाचाही वाढलेला. दोघं बरोबर खाली गेले होते, बरोबर वर आले.

फळ्यावर मी दोन बाण खाली काढते, दोन वर. मग विचारते, अती झाल्यामुळे झाड आवरतं घेत असेल, तर जांभळ्या झालेल्या फुलात काय दिसायला हवं होतं? तिथे तर दोन्ही जनुकं जोरात चालली आहेत. एन्झाइम भरपूर असूनही आवरतं घेणं नाही. आणि पांढऱ्या फुलात जादा जनुकाचाही आरएनए खाली गेलेला, म्हणजे जुन्याला दाबणारं म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं तेच दबलेलं. नव्यानं जुन्याला मारलं असं हे प्रकरण नाही. दोघं एकत्र मुके झाले. शोधनिबंधानं याला 'को-सप्रेशन' म्हटलं. मी सहदमन म्हणते. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅमच्या गटानंही पेटुनियाच्या रंगाच्या जनुकांवर हेच पाहून छापलं होतं, तेव्हा एका प्रयोगशाळेच्या पाण्याचा किंवा मातीचा हा दोष नव्हता. दोनच वर्षांत इटलीत रोमानो आणि मॅसिनो यांनी न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत रंगाचं जनुक जादा घातलं आणि बुरशी पांढरी झाली.

इथवर आलं की मुलं विचारतात, मग उत्तर काय? मी म्हणते, उत्तर नंतर. आधी प्रश्न नीट विचारा. 'जनुक बंद पडलं' असं तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय. बंद पडलं म्हणजे नेमक्या कुठल्या पायरीवर?

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते हाच आहे, आणि मी दोन तास त्यावरच घालवते. एम-आरएनए पन्नासाव्या हिश्शावर आला, एवढंच आपल्याला माहीत आहे. रांजणात पाणी नाही, इतकंच. नळ बंद असेल, नाहीतर रांजण गळत असेल. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी नळ बंद आहे असं न विचारता धरून चाललेलं असतं, कारण तीन आठवडे मी नळच शिकवलेला असतो.

नळ तपासायची एक जुनी पद्धत आहे, न्यूक्लिअर रन-ऑन. पाकळीच्या पेशींतून केंद्रकं वेगळी काढायची. त्या क्षणी जनुकावर जी आरएनए पॉलिमरेझ, म्हणजे जनुक वाचून आरएनए बनवणारी एन्झाइम, काम करत बसलेली असतात ती तशीच अडकून राहतात. त्यांना किरणोत्सारी खूण असलेले न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचे मणी, दिले की ती अर्धवट राहिलेला आरएनए पुढे ओढतात, पण नव्यानं सुरुवात सहसा करत नाहीत. म्हणून जितकी खूण दिसेल तितकी पॉलिमरेझ त्या जनुकावर बसलेली होती, असा हिशोब. पद्धत किचकट आहे, केंद्रकं फुटतात, हात बसायला वेळ लागतो. आता नवे मार्ग आले आहेत, पण शिकवताना मी हीच वापरते, कारण तिच्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये काही लपलेलं नाही.

पेटुनियाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर हे करून पाहिलं तेव्हा जनुक वाचलं जात होतं. १९९४ साली ॲम्स्टरडॅमच्याच गटाकडून हा निष्कर्ष छापून आला: आरएनए तयार होतोय, पण टिकत नाहीये. नळ चालू, रांजण गळका.

याच सुमारास अमेरिकेत ओरेगनमध्ये विल्यम डॉगर्टी यांचा गट तंबाखूवर वेगळ्याच कामात होता. तंबाखूच्या 'एच' (etch) विषाणूच्या आवरणाचं जनुक त्यांनी झाडात घातलं होतं, झाड विषाणूला दाद देणार नाही या आशेनं. काही झाडं आधी नीट आजारी पडली आणि तीन ते पाच आठवड्यांनी त्यांना येणारी नवी पानं ठणठणीत निघाली. त्या बऱ्या झालेल्या पानांत तोच विषाणू पुन्हा घातला तर लागण होत नव्हती, त्याचा जवळचा नातेवाईक घातला तर होत होती. घातलेल्या जनुकाचा एम-आरएनए त्या पानांत घटलेला होता, पण केंद्रकात जनुक पहिल्यासारखंच वाचलं जात होतं. १९९३ च्या या निबंधापाशी मी हमखास थांबते. विषाणूचा आरएनए पेशीच्या केंद्रकात कधी जातच नाही, तो बाहेर, पेशीद्रवातच वाढतो. तरीही त्याचा नाश होतोय. म्हणजे नाश करणारी यंत्रणा जनुक बघत नाही, आरएनएचा मजकूर बघते. मजकूर जुळला की काप, मग तो झाडाचा असो, आपण घातलेला असो, की विषाणूचा.

पण मजकूर जुळतोय हे तिला कळतं कसं? नमुना हवा. तो काय असेल यावर आठ-नऊ वर्षं गेली.

उत्तराचा पहिला मोठा तुकडा झाडांतून आला नाही, सूत्रकृमीतून आला. तिथे १९९५ साली ग्वो आणि केम्फ्यूज यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती: उलटा आरएनए टोचला की जनुक दबतं, पण तुलनेसाठी म्हणून सुलटा टोचला तरी दबतं. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवलं, की खरं काम दुपदरी आरएनए करतो. सुलटा आणि उलटा एकत्र बांधलेला आरएनए एकेकट्यापेक्षा कितीतरी प्रभावी होता, आणि पेशीमागे मोजके रेणू पुरत होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पीटर वॉटरहाउस आणि सहकाऱ्यांनी झाडात सुलटा आणि उलटा असे दोन्ही आरएनए एकाच वेळी तयार करवून जनुक दाबून दाखवलं. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, इंग्लंडात नॉरिचला अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम यांना मुक्या झालेल्या झाडांत सुमारे पंचवीस न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे तुकडे सापडले. जनुक मुकं असलेल्या झाडांत ते होते, बोलतं असलेल्यांत नव्हते. नमुना हाच. इतका छोटा तुकडा रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या नेहमीच्या जेलमधून केव्हाच तळाशी वाहून जातो. तो दिसायचा तर त्याला शोधायलाच निघावं लागतं.

मुलांना मी हा क्रम तारखांसाठी सांगत नाही, तारखा परीक्षेत विचारत नाही. १९९० च्या निबंधात मोजलेलं एकही माप नंतर चुकीचं ठरलं नाही, फक्त त्याचा अर्थ लागायला आणखी तीन प्रकारचे जीव लागले, हे त्यांना दिसावं म्हणून सांगते. २००६ चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं. वनस्पतीवाल्यांना त्यात वाटा नव्हता. याबद्दल आमच्या क्षेत्रात अजून कुरकुर चालते, आणि मीही त्या कुरकुरीत सामील आहे. पण दुपदरी आरएनए हातात धरून 'हा बघा' असं स्वच्छ दाखवणारा प्रयोग त्यांचा होता, हेही खरं.

आता चौथ्या वहीची पाळी. उलटा आरएनए असेल असं लिहिणाऱ्याला मी पुढे बोलावते. त्याचा अंदाज पोरकट नव्हता. ॲम्स्टरडॅमच्या गटानं १९८८ सालीच चाल्कोन सिंथेजचं जनुक मुद्दाम उलटं घालून पेटुनिया फिकी करून दाखवली होती. सुलट्या जनुकातूनही चुकून उलटा आरएनए निघत असेल, अशी शंका तेव्हाच्या जाणकारांनाही आली होती. फक्त उलट्या आरएनएनं सुलट्याला नुसतं चिकटून अडवायचं, ही कल्पना तोकडी पडली. चिकटणं ही सुरुवात होती. दुपदरी झालेल्या आरएनएला डायसर जातीचा एन्झाइम ठरावीक मापाने कापतो, ते तुकडे आर्गोनॉट नावाचं प्रथिन उचलतं, आणि त्या तुकड्याशी जुळणारा जो एम-आरएनए सापडेल तो छाटतं. (आर्गोनॉट हे नाव अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या एका उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, रोपावरून आलं. त्याची पानं इतकी बारीक आणि गुंडाळलेली होती, की पाहणाऱ्यांना समुद्रातला आठ हातांचा एक छोटा प्राणी आठवला. वर्षानुवर्षं घोकावी लागणारी नावं अशीही पडतात.)

पण आपण तर जनुक सुलटंच घातलं होतं, मग दुसरा पदर आला कुठून? काही झाडांत जादा जनुकाच्या दोन प्रती एकमेकींकडे तोंड करून बसतात. एका दमात वाचल्या गेल्या की निघालेला आरएनए स्वतःवरच दुमडतो आणि दुपदरी होतो. दुसरा रस्ता झाडाच्या स्वतःच्या एन्झाइमचा: आरडीआर-६. हा आरएनए बघून त्याचाच दुसरा पदर विणतो. अर्धवट, शेंडा नसलेला किंवा शेपटी नसलेला विकृत आरएनए साचला की याला काम मिळतं. जितका जोरदार प्रमोटर, तितका जास्त माल, आणि मालाबरोबर तितकं जास्त भंगार. १९९७ साली जॉर्गेन्सन यांच्याच गटानं दाखवलं, की जादा जनुकापुढचा प्रमोटर कमजोर असेल तर सहदमन क्वचित आणि सौम्य होतं. रंग गडद करायला निवडलेला जोरच रंग घालवत होता.

तिसरं फूल, पांढरे भाग असलेलं, इथवर बाजूला राहिलेलं असतं. वरवर ते शोभेचं वाटतं, पण मला विचाराल तर सगळ्यांत जास्त माहिती त्याच्यातच आहे.

१९९० च्या निबंधात त्या पांढऱ्या भागांबद्दल एक शब्द आहे, त्याचा अर्थ असा की हे भाग एका पेशीच्या वंशाला धरून नाहीत. हे मुलांना समजायला फार वेळ लागतो, म्हणून मी पाकळी काढून दाखवते. पाकळी वाढताना एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि भावंडं शेजारीशेजारी राहतात. एखाद्या पेशीच्या डीएनएत कायमचा बिघाड झाला, तर तिचा सगळा वंश पांढरा होईल आणि डागाची कड त्या वंशाच्या कडेवरून जाईल. मक्याच्या दाण्यांवरचे उड्या मारणाऱ्या जनुकांचे ठिपके असेच असतात. पेटुनियाचे पांढरे भाग तसे नव्हते. काही फुलांत रंग शिरांच्या कडेनं जात होता, काहींत पाकळ्या जिथे जुळतात त्या रेषांवर. कड वंशाची नव्हती, जागेची होती. म्हणजे डीएनए मोडलेला नाही. पेशी एका अवस्थेत आहे, ती अवस्था पालटू शकते आणि शेजाऱ्यांपर्यंत पोचू शकते.

पोचते हे १९९७ साली कलमांनी सिद्ध झालं. फ्रान्समध्ये पालोकी, वोशेरे आणि सहकाऱ्यांनी मुक्या झालेल्या तंबाखूच्या खुंटावर त्याच जनुकाची पण बोलती कलमकाडी बांधली, तर वरची काडीही मुकी झाली. संदेश खुंटातून वर चढला, आणि तो जनुकाच्या मजकुराला बांधलेला होता. दुसऱ्या जनुकाला त्यानं हात लावला नाही. वर्गात इथे थोडी शांतता पसरते. एका झाडाच्या आत मजकूर फिरतो, आणि तो संप्रेरकासारखा सर्वसाधारण नसून एका विशिष्ट जनुकाचं नाव घेऊन फिरतो, हे पहिल्यांदा ऐकताना मीही अशीच गप्प बसले होते.

प्रयोगशाळेत हे प्रकरण मला एकदा चांगलंच महागात पडलं असतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं पानाच्या आकाराशी संबंध असलेलं जनुक अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये ३५एसखाली घातलं. मिळालेल्या रोपांतली बरीचशी ते जनुक मोडलेल्या रोपांसारखी दिसत होती. त्यानं आनंदानं लिहून आणलं, की हे जनुक स्वतःलाच आवरतं, म्हणून जास्त झालं की कमी झाल्यासारखं दिसतं. मसुदा नीटनेटका होता, आकृती देखणी होती, आणि मीही वाचून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी याच फुलाचा तास होता. फळ्यावर दोन बाण खाली काढताना माझा हात थांबला. तास संपल्यावर त्याला बोलावून विचारलं, "तू एम-आरएनए मोजलास तो कुणाचा?"

त्यानं प्रायमर, म्हणजे मोजायचा आरएनए हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे, जनुकाच्या मधल्या भागावर बेतले होते. तो मजकूर मूळ जनुकात आणि घातलेल्या प्रतीत सारखाच, त्यामुळे आकडा दोघांची बेरीज दाखवत होता. आम्ही नवे प्रायमर मूळ एम-आरएनएच्या शेवटच्या भागावर बेतले, कारण घातलेल्या प्रतीत तो भाग नव्हता. मूळ एम-आरएनए जवळजवळ नाहीसा झालेला निघाला. मग तीच रचना आरडीआर-६ मोडलेल्या रोपांत घातली. तिथे पानं दुसऱ्या टोकाला गेली, म्हणजे जनुक खरोखर जास्त झालं की जे व्हायला हवं होतं तसं झालं. जनुक स्वतःला आवरत नव्हतं. आम्हीच त्याला मुकं केलं होतं, आणि वर त्याच्या स्वभावाबद्दल निबंध लिहायला बसलो होतो. मसुदा फाडावा लागला. विद्यार्थी आठवडाभर खट्टू होता. मी त्याहून जास्त, कारण दरवर्षी हेच शिकवणारी मी होते.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: जादा जनुक घातलेल्या रोपांची ओळ 'फसली' म्हणून टाकायची नाही आणि 'जमली' म्हणून मिरवायचीही नाही, जोवर मूळ आणि घातलेला असे दोन्ही एम-आरएनए वेगवेगळे मोजलेले नाहीत. नव्या मुलांना हा नियम जाचक वाटतो. वाटू दे.

एक गैरसमज मात्र दरवर्षी शिल्लक राहतो: ही यंत्रणा आपण जनुकं घालू लागलो म्हणून निर्माण झाली. सोयाबीन घ्या. नेहमीच्या सोयाबीनची साल पिवळट असते, कारण तिच्या बीजावरणात चाल्कोन सिंथेजच्याच जनुकांच्या उलटसुलट बसलेल्या प्रतींमुळे ती जनुकं आपोआप मुकी झालेली असतात. कुणी काही घातलेलं नाही. झाडाला विशिष्ट विषाणूची लागण झाली की दाण्यावर तपकिरी चट्टे उमटतात. बागांत लावल्या जाणाऱ्या ताऱ्याच्या नक्षीच्या पेटुनियातही पांढरे पट्टे असेच आहेत, आणि विषाणू लागला की त्या पांढऱ्यात रंग परततो. परीक्षेत मी हेच विचारते: रोग लागल्यावर फुलाचा रंग परत का यावा? प्रश्नात आरएनए हा शब्दही नसतो. उत्तर असं, की बऱ्याच विषाणूंकडे या छाटणाऱ्या यंत्रणेला निकामी करणारं प्रथिन असतं. ते त्यांनी स्वतःच्या बचावासाठी बाळगलेलं. झाडाचं मुकं जनुक त्यामुळे बोलू लागतं, हा विषाणूच्या लेखी किरकोळ परिणाम. ज्यानं डॉगर्टींची तंबाखूची पानं नीट समजून घेतली, त्याला हे सुटतं. ज्यानं व्याख्या पाठ केल्या, तो 'झाडाची प्रतिकारशक्ती वाढली' असं लिहितो.

शेवटच्या तासाला मी १९९० च्या निबंधातल्या सारांशाचं शेवटचं वाक्य वाचायला देते. यंत्रणा स्पष्ट नाही, पण ही गोष्ट लहरी आणि उलटणारी आहे, त्यावरून डीएनएच्या मिथायलेशनचा, म्हणजे डीएनएवर लागणाऱ्या रासायनिक खुणांचा, त्यात हात असू शकतो, असा त्याचा आशय. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग हा अंदाज चूकच ना? नळ तर चालू होता."

चूक म्हणणं सोपं होतं. पण १९९४ साली जर्मनीत वासेनेगर आणि सहकाऱ्यांनी तंबाखूत बटाट्याच्या एका व्हायरॉइडवर, म्हणजे नुसत्या आरएनएच्या बनलेल्या रोगकारकावर, काम करताना दाखवलं होतं, की आरएनएच्या मजकुराशी जुळणारा डीएनए झाडात मिथिलित होतो. पुढे लहान आरएनएचीच एक शाखा केंद्रकात जाऊन प्रमोटरला कुलूप घालते, हेही कळलं. तेव्हा काही मुक्या जनुकांत नळही बंद असतो, आणि कधीकधी दोन्ही. पेटुनियाच्या पांढऱ्या फुलात रांजण गळत होता, हे मोजलेलं आहे. पण त्या झाडांपैकी काही पिढ्यान्‌पिढ्या पांढरी राहिली आणि काही परत जांभळी झाली, हा फरक गळक्या रांजणानं समजावता येतो का?

ती म्हणाली, परत जांभळ्या झालेल्या फांदीवरचं बी आणि त्याच झाडाच्या पांढऱ्या फांदीवरचं बी वेगवेगळं पेरलं तर सांगता येईल. मग थांबून म्हणाली, नाही, त्याआधी दोन्ही फांद्यांवर रन-ऑन करायला हवं.

पुढचा तास तिथूनच सुरू केला.